लिंबाचा वास

लेकीला घेऊन गाडीनं हैदराबादला जायचं ठरतंय. चार वर्षांच्या तिला गाडी लागते, म्हणून लिंबं आणली. एकाला नख लागलं आणि त्या वासासरशी मी लहानपणीच्या जीपमध्ये, आईच्या मांडीवर जाऊन बसले.

मुळशीहून पुण्याला सर्कस बघायला निघालो होतो. पौडच्या आधीच मी आईच्या लुगड्यावर ओकले.

“माघारी फिरू. पोर लई ल्हान हाय,” वडील म्हणाले.

आईनं पदर धुऊन पिळला, माझ्या नाकाशी लिंबू धरलं. “न्हाई. सर्कस बघूनच फिरायचं.”

तेव्हा वाटलं, केवढा हट्ट माझ्यासाठी! आज ध्यानात येतं, आईनंही तोवर सर्कस पाहिली नव्हती.

“पुढच्या वर्षी जाऊ, लहान आहे ती अजून,” नवरा म्हणतोय.

मी लिंबं बॅगेत भरली. “याच वर्षी. चारमिनार मी तरी कुठं पाहिलाय?”