एकोणीस फुटांचा कठडा

धुकं असं उतरलं होतं की समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायका दिसत नव्हत्या, नुसत्या त्यांच्या बादल्या वाजत होत्या. हवा गार आणि ओली. अशा हवेत डावा पाय आणखीच दगड व्हायचा. इस्त्रीवालीनं पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला, त्या हातानं डावा हात मनगटाशी धरला, उचलला आणि पोटावर आणून ठेवला. सकाळचं पहिलं काम हेच. दुसऱ्याचं तान्हं पोर सांभाळायला घेतल्यासारखं.

"उठलीस का गं आई?" आतून लेकीचा आवाज.

"उजवीकडची उठलीय. डावीकडची तू येऊन उठव."

लेक हसली नाही. दोन महिन्यांत हा विनोद पन्नासदा झाला होता. ती हात पुसत आली, खाली बसली आणि आईची टाच तळहातात घेऊन पाऊल वर ढकलायला लागली. एक, दोन, तीन. वीस वेळा पाऊल, वीस वेळा गुडघा, मग बोटं एकेक करून उघडायची. बोटं उघडताना इस्त्रीवाली भिंतीकडं बघायची. आपलीच मूठ आपल्याला सोडत नाही, हे बघवत नसे.

नवरा लाकूडकामाचा मिस्त्री, जिन्याचे कठडे करण्यात हातखंडा, ही इस्त्रीवाली. गल्ली त्यांना मिस्त्री-इस्त्री म्हणायची. सव्वीस वर्षं ती पुढच्या खोलीतल्या टेबलामागं उभी राहिली. झटका आला तोही उभ्यानंच, कुणा साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री टेकवलेली असताना. इस्त्री तिथंच राहिली, बाई खाली. शर्ट जळाल्याचा वास रस्त्यावर गेला म्हणून माणसं धावली, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. डावं अंग गेलं, जीभ मात्र शाबूत राहिली. गल्ली म्हणाली, नेमकं जे जायला हवं होतं तेच राहिलं. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "सांगा त्यांना, अजून धार लावून ठेवलीय."

दवाखान्यातून घरी आणल्यावर आठवड्यातून एकदा व्यायाम घेणारी बाई यायची. तरुण, बारकी, पण आवाज हवालदाराचा. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करायचंय?"

"बरं व्हायचंय. आणखी काय, नाचायचंय?"

"बरं होणं म्हणजे काहीच नाही. एक गोष्ट सांगा. एकच. तीच मनात धरायची, बाकीचं नंतर."

इस्त्रीवालीनं लेकीकडं बघितलं. पोरगी तेव्हा तिच्या खालचं भांडं घेऊन मागच्या दारी चालली होती, त्यावर झाकण दाबून, मान वळवून. कपड्यांच्या कारखान्यात तीन वर्षं रोजंदारीवर काढून पोरगी आत्ता कुठं कायम व्हायची होती. तिथल्या मॅडमनं दोन महिन्यांची सुट्टी दिली होती, तीही उपकार केल्यासारखी. एक तारखेला मशिनवर दिसली नाहीस तर दुसरी बसेल, हे स्वच्छ सांगितलं होतं.

"संडासापर्यंत जायचंय," इस्त्रीवाली म्हणाली. "माझ्या पायानं. आत गेल्यावर कडी मी लावणार. दिवसभर घरात एकटी राहिले तरी कुणाचा हात लागायला नको. एक तारखेच्या आत."

"मग घर तसं करून घ्या," व्यायामवाली मिस्त्रीला म्हणाली. "घरच आडवं आलं तर पाय काय करतील?"

मिस्त्रीला एवढंच हवं होतं. बायकोला घरी आणल्यापासून तो घरात चोरासारखा वावरत होता. बायकोला उचलायला गेला तर ती ओरडायची, नाही गेला तर पोरीकडून ओरडा. आता हाताला काम मिळालं. संध्याकाळी कामावरून आला की चहाही न घेता हत्यारं काढायचा. आधी मधला उंबरठा तासून जमिनीला लावला. बुटक्या खाटेखाली चार इंचांचे ठोकळे घातले, म्हणजे उठून उभं राहताना जोर कमी. फळीवरची भांडी, औषधं, कंगवा सगळं कमरेच्या उंचीवर आणलं. आरशाचं कपाट वाटेतून हलवलं, सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. आणि मग कठडा. खाटेपासून संडासाच्या दारापर्यंत एकोणीस फूट. वाट अरुंद होती. उजवीकडं विटांची पक्की भिंत, डावीकडं नुसता पत्रा, पलीकडं रंगाच्या डब्यांचं गोदाम. पत्रा स्क्रू धरत नाही. तेव्हा कठडा विटांच्या भिंतीला, आणि तिचा चालता हातही उजवाच. सगळं जुळून आलं म्हणून मिस्त्री खूश.

लाकूड कमी पडलं. त्यानं दोनदा इस्त्रीच्या टेबलाकडं बघितलं आणि दोनदा मान फिरवली.

"मोडा," ती खाटेवरून म्हणाली.

"अगं, पण…"

"मोडा म्हणते ना. त्याच्यामागं उभं राहायला माझ्याकडं आता एकच पाय आहे."

मधले पाच फूट टेबलाच्या लाकडाचे झाले. त्यानं तासून, घासून असा गुळगुळीत केला की हात ठेवला तर ठेवावासाच वाटावा. खालून बोटं जातात तिथंही कानस मारली. मोठमोठ्या बंगल्यांना असले कठडे बसवले होते त्यानं. स्वतःच्या घरात पहिलाच.

सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी चार फूट, मग धाप. मिस्त्रीनं भिंतीवर जाड पेन्सिलीनं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी साडेचार. कधी सहा, कधी परत चार. लेक मागं खुर्ची घेऊन उभी. प्लास्टिकच्या खुर्चीला मिस्त्रीनंच चाकं बसवली होती. पाय थरथरायला लागला की खुर्ची खाली सरकायची आणि ती बसून परत खाटेपाशी. "जाताना पायी, येताना गाडीनं," इस्त्रीवाली म्हणायची. "एवढा थाट लग्नातसुद्धा नव्हता." विसाव्या दिवशी ती एकोणीस फूट चालली. संडासाच्या चौकटीवर हात टेकला, तो काढायलाच तयार होईना. त्या दिवशीही परत खुर्चीतूनच आणली. दमली होती, आणि बाईला उगाच का चालवा?

अशी ती धुक्याची सकाळ महिन्याच्या शेवटच्या दिवशीची होती. व्यायाम झाला, मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गेला. इस्त्रीवालीनं चहाचा कप खाली ठेवला.

"तू आता बाजारात जा. दोन तास येऊ नकोस."

"एकटीला सोडून?"

"उद्या काय कारखाना बरोबर घेऊन येणार आहेस? आजच बघू दे की. जा. बाहेरून दार ओढून घे."

लेक उंबऱ्यात घुटमळली. "फोन जवळ ठेव."

"फोन कुठल्या हातात धरू? कठड्याच्या की मेलेल्या?"

फोन खाटेवर ठेवून लेक गेली. तिची चप्पल कोपऱ्यापर्यंत वाजली, मग थांबली. इस्त्रीवालीनं पाय खाली सोडले. कठडा धरला. उजवा पाय, मग डावा ओढून, मग हात पुढं. पाचव्या फुटावर टेबलाचं लाकूड सुरू झालं. तिथं जळक्याचा एक जुना तपकिरी डाग राहिला होता, तो हाताखालून गेला. वाटेत ती दोनदा थांबली, पण टेकली नाही. संडासात गेली. उजव्या हातानं दार ओढलं, कडी लावली. कडीचा आवाज झाला आणि ती आत, अंधारात, एकटीच हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आणि जगाच्या मध्ये बंद दार होतं.

सगळं आटोपून ती दार उघडून बाहेर आली, आणि उजवा हात पुढं केला.

हाताला पत्रा लागला. गार, गुळगुळीत, धरायला काहीच नसलेला.

कठडा होता. जिथं होता तिथंच होता. पण आता तो तिच्या डाव्या बाजूला होता, आणि डावा हात पोटाशी मूठ आवळून आखडला होता.

क्षणभर तिला समजेचना. कुणी येऊन कठडा त्या भिंतीवरून या भिंतीवर लावला की काय, असंच वाटलं. मग समजलं. वीस दिवस तिघांनी मिळून जायचाच सराव केला होता. यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती चौकट धरून उभी राहिली. परत आत जाऊन बसावं, पोरगी येईपर्यंत? मग उद्या काय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत संडासात बसायचं? तिनं अंग वळवलं, भिंतीकडं तोंड केलं, उजवा हात आडवा नेऊन कठडा धरला. आता डाव्या पायाला आधी आडवं सरकायला हवं होतं. पाऊल सरकत नव्हतं. तिनं कंबर झटकली, पाऊल वीतभर ओढलं गेलं, तिरपं पडलं. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी पाऊल घोट्यातून मुडपलं आणि ती पत्र्यावर आपटून खाली आली. पत्रा असा वाजला की जणू गोदामच कोसळलं.

काही मोडलं नव्हतं, हे तिला लगेच कळलं. पण उठता येत नव्हतं. तिनं उजव्या हातानं पत्रा वाजवला. "अहो रंगवाले! ए बाबा!" पलीकडं कुणी नव्हतं, टेम्पो यायचा असेल तेव्हाच गोदाम उघडायचं. तिनं आणखी थोडा वेळ वाजवला, मग ऐकणारं कुणी नसताना ओरडायची लाज वाटली आणि ती गप्प पडून राहिली. फरशीचा गारवा लुगड्यातून हाडात शिरला. फोन खाटेवर दोनदा वाजला, लेकीचाच असणार.

दुसऱ्यांदा फोन उचलला नाही म्हणून लेक बाजार टाकून पळत आली. तिनं आईला खुर्चीत चढवलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. लेकीनं सांगितलं तसा तो हातातली पिशवी न ठेवताच आत गेला. संडासाच्या दारातून बाहेर तोंड करून उभा राहिला. डावा हात खिशात घातला, उजवा पुढं केला. हात पत्र्यावरून घसरला.

"आयुष्यभर जिने केले," तो म्हणाला.

"हो ना," इस्त्रीवाली खाटेवरून म्हणाली. "तुमच्या जिन्यांवरून माणसं वर गेली की खाली उतरत नाहीत वाटतं?"

मिस्त्री तोंडात मारल्यासारखा बघत राहिला. बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. पण शब्द कुठं परत आत घेता येतो.

तो खाली बसला, फरशीवर पेन्सिलीनं खुणा करायला लागला. पत्र्याला हात लावायचा नाही, जमिनीतूनच खांब उभे करायचे. फरशी फोडायची, सिमेंट घालायचं, ते धरेपर्यंत वजन टाकायचं नाही. "आठ दिवस," तो म्हणाला. "आठ दिवसांत दोन्हीकडं कठडा. जाताना पण, येताना पण."

"एक तारीख उद्या आहे, बाबा," लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं फोन घेतला आणि मॅडमचा नंबर शोधायला लागली.

"आठ दिवस मी राहतो घरी."

"आणि तो ठेकेदार?" इस्त्रीवाली म्हणाली. "दवाखान्यात पंधरा दिवस काढलेत. आणखी एक खाडा झाला तर दुसरा मिस्त्री आणतो म्हणालाय ना तो? सगळ्यांनीच घरी बसा. माझ्या खाटेभोवती." मग लेकीकडं वळून, "तो फोन ठेव."

"आई, उशिरा सांगण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

"ठेव म्हणते. जा, औषधाच्या दुकानातून ते घेऊन ये. ते मोठ्या माणसांचं डायपर."

दवाखान्यात नर्सनं ते बांधायला घेतलं तेव्हा याच बाईनं तिचा हात बाजूला झटकून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सव्वीस वर्षं लोकांच्या अंगावर स्वच्छ कपडे घातलेत मी, असं ओरडली होती.

"नको गं आई," लेक म्हणाली.

"नको तर नको. पण मग तू इथंच राहशील. आज आठ दिवसांसाठी, मग महिन्यासाठी, आणि मग तू चाळिशीची होशील आणि मी अजून इथंच लोळत पडलेली असेन. जा, दुकान बंद होईल."

लेक गेली. मिस्त्री खुणा करत राहिला. एकदा त्यानं वर बघितलं, पण बायको छताकडं बघत होती.

सकाळी अंधारातच लेकीनं बांधलं. दोघींनी नजर चुकवली. "घट्ट नाही ना?" "नाही." मग लेकीनं वेणी घातली, डबा भरला, पाण्याचा तांब्या आईच्या उजव्या हाताशी ठेवला.

"कमी पाणी पी," ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून तांब्या काठोकाठ भरला.

"जा गं. मशिन कुणी पळवेल."

दार लागलं. मिस्त्री त्याआधीच गेला होता. जाताना फरशीच्या खुणांवर पाय पडू नये म्हणून जपून गेला.

इस्त्रीवालीनं अकरापर्यंत कळ काढली. बारापर्यंत काढली. कठडा समोर दिसत होता, भिंतीवरच्या सगळ्या रेघांसकट. जाता आलं असतं. एकोणीस फूट तिला जाता आलं असतं. यायचं काय, हे माहीत होतं. साडेबाराला तिनं डोळे मिटले आणि सोडून दिलं. आधी ऊब, मग जडपणा, मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. संध्याकाळी लेक येईपर्यंत अजून सहा तास होते.

खाटेच्या पायथ्याशी दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता, घाईत तसाच टाकलेला. कपडे अजून दमटच होते. तिनं उजव्या पायाच्या बोटांनी एक टॉवेल ओढला, हातात घेतला, एक टोक हनुवटीखाली दाबलं आणि दुसरं टोक ताणून मधोमध घडी घातली. कडा जुळली नाही. तिनं हनुवटी सैल केली, टॉवेल सोडला आणि परत पहिल्यापासून धरला.