एका वर्षानंतरची रंजना

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. ज्या दिवशी मंगलाकाकूंना सांगायला हवं होतं त्या दिवशी त्या माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या — तरी नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही रंजनाला ओळखत नाही, म्हणून असेल. तिला ओळखणाऱ्या माणसांसमोर मला बोलायची वेळ आली होती. एकदा नाही, तीनदा आली.

पण आधी केंद्राबद्दल सांगते. नाहीतर काही कळणार नाही.

वणीला मंगलाकाकूंचं वधूवर सूचक केंद्र होतं. काकूंचे यजमान सरकारी कचेरीत होते. ते गेल्यावर काकूंनी घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं, दोन लोखंडी कपाटं आणली आणि बाहेर पाटी लावली. मी मराठीत एम. ए. होऊन घरी बसलेली. आईची आणि काकूंची ओळख होती, त्या ओळखीवर मी तिथे लागले. फॉर्म भरून घ्यायचे, फोटो चिकटवायचे, फोन उचलायचा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंड वरून चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत अळी. आमच्या केंद्रात हे सगळं एका ओळीत उमटायचं. मुलींच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’ असा रकाना असतो. तिथे पूर्वी शिक्षण, उंची, स्वभाव असं काहीबाही असायचं. त्या वर्षांत एकामागून एक फॉर्मवर तेच दोन शब्द यायला लागले — शेतकरी नको. कधी मुलगी लिहायची, कधी बाप. आणि मुलांचे फॉर्म? बहुतेक शेतकऱ्यांचेच. एक कपाट दार लागेना इतकं भरलं, दुसरं रिकामं होत गेलं. काकू म्हणायच्या, “असंच चाललं तर आपली पाटी उतरवावी लागते बघ.”

तेव्हा मी त्यांना ब्लॉगचं सुचवलं. नागपूरला एका दिवसाचं शिबिर झालं होतं, छोट्या धंद्यांनी इंटरनेटवर कसं लिहावं याचं. मी गेले होते. परत आल्यावर एक जाड वही घेतली आणि वर्षभराचा आराखडा आखला. खरं सांगू? चांगला होता तो आराखडा. आजही मला त्यात चूक काढता येत नाही. रोज लिहायचं नाही, रोज लिहिणारे दोन महिन्यांत दमतात. आठवड्याला एकच लेख, मंगळवारी. विषय शोधायला लांब जायचं नाही — टेबलासमोर बसून लोक जे विचारतात तेच लिहायचं. पत्रिका बघायची की नाही, मुलगी बघायला जाताना किती माणसं न्यावी, फोटो कसा काढावा. पावसाळ्यात तयारीचे लेख, दिवाळीनंतर बोलणीचे, उन्हाळ्यात जमलेल्या लग्नांच्या गोष्टी. काही लेख शिळे न होणारे. आणि जो लेख सर्वांत जास्त वाचला जाईल त्याच्याकडे वर्षभरानं परत जायचं, त्या जोडप्याचं पुढे काय झालं ते लिहायचं. त्यासाठी मी वहीत एक मंगळवार राखूनच ठेवला होता. कुणाचं नाव त्यात येणार हे तेव्हा माहीत नव्हतं.

नाव रंजनाचं आलं.

रंजना राजूरची. वडील, श्यामराव, कोळशाच्या खाणीत पंपावर होते. पक्की नोकरी, महिन्याचा पगार. अशा घरची मुलगी मारेगावकडच्या शेतकऱ्याच्या घरात दिली, ते आमच्या केंद्रातून — हे त्या काळात नवलच होतं. मुलाचं नाव दिलीप. दिसायला बरा, बोलायला नम्र. लग्नानंतर महिन्याभरानं दोघं पेढे द्यायला आली, तेव्हा मी तिला विचारलं, शेतकरी कसा काय पसंत केलास? ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “बाबा म्हणले, मुलगा चांगला हाये. मंग मी काय म्हणनार?”

एवढंच म्हणाली ती. बाकीचं मी लिहिलं.

मी लिहिलं की तिनं स्वतः त्याला निवडला. मी लिहिलं की त्याच्या शेतातली करपलेली कपाशीची पऱ्हाटी बघून ती म्हणाली, पीक एका वर्षाचं असतं, माणूस जन्माचा. हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं होतं. फार आवडलं मला ते. लोकांनाही आवडलं. लेख मोबाइलवरून गावोगाव फिरला. अनोळखी बायका फोन करून म्हणायच्या, डोळ्यांत पाणी आलं. मुलांचे बाप केंद्रात येऊन म्हणायचे, “आमच्या पोराले अशीच पाहा ना मॅडम.” आणि खरंच, तीन-चार मुलींच्या बापांनी फॉर्मवरची ती ओळ खोडली. काकूंनी माझ्या आईला बोलावून माझं कौतुक केलं. मी तरंगत होते. कुणीतरी मला वाचत होतं — हे व्यसन ज्यांना लागलं नाही त्यांना कळणार नाही. पण थांबा, मी सबबीकडे वळते आहे. वळायचं नाही असं ठरवून बसले होते.

तिचा फोन आला तेव्हा दुपार होती. काकू आत जेवत होत्या.

“ताई, मी रंजना. राजूरची.” मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. “ताई, थो लेख काढून टाका ना जी. मी असं म्हणलंच नोतं.”

मी हसून म्हणाले, अगं, किती लोकांना आवडला माहीत आहे का?

“इथं त्याईनं थो झेरॉक्स करून भिंतीले लावला. मी काही बोलली का सासू म्हणते, पाय, तूच सांगतलं ना साऱ्या जगाले. माहेरी सांगतलं तर बाबाबी तेच म्हणते.” मग आवाज एकदम खाली. “मारून राह्यला थो मले, ताई.”

मी ऐकलं. नीट ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी म्हणाले, “बघते गं मी. काकूंना विचारते.” ती म्हणाली, “इचारजा. नक्की इचारजा.” आणि फोन ठेवला.

काकू हात पुसत बाहेर आल्या. कुणाचा फोन होता, म्हणाल्या. मी म्हणाले, चौकशीचा.

लेख काढायला काय लागणार होतं? दोन बटणं. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस तो वाचून येत होता. काढला तर काकू विचारणार, का काढला. मग सांगावं लागणार की त्यातलं वाक्य तिचं नव्हतंच. मी रोज ठरवायचे, उद्या. आणि मग काय झालं माहीत आहे? मला तिचा राग यायला लागला. इतकं सुंदर लिहिलं मी तिच्यावर, आणि ती —. असाही राग येतो माणसाला. मला आला.

दोन महिन्यांनी वहीतला तो मंगळवार आला.

दुसरं जोडपं घेता आलं असतं. पण लोक त्याच लेखाखाली विचारत होते, आता कशी आहेत दोघं? काकूही म्हणाल्या, “त्या राजूरच्या पोरीचंच लिही. तिनेच आपलं नाव केलं.” मी बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं. ‘एका वर्षानंतरची रंजना’. तिच्या दारात मी तुळस लावली, दोन शेळ्या बांधल्या. सासूला तिच्या हातची भाकर आवडायला लावली. आणि लेख खरा वाटावा म्हणून सुरुवातीला लिहिलं — मध्यंतरी रंजनाचा फोन आला होता. आवाजातच तिचं सुख कळत होतं.

हे वाक्य पुन्हा वाचा. मी ते शुद्धीवर असताना लिहिलं आहे.

लेख टाकला आणि पंधरा दिवसांच्या आत श्यामराव केंद्रात आले. खाणीतून थेट आले असावेत, नखांत काळं होतं. हातात त्याच लेखाची झेरॉक्स. काकूंनी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, पेला हातात धरून बसले.

“भांडाले नाई आलो ताई, इचाराले आलो,” ते म्हणाले. “पोरगी घरी येऊन बसली हाये. म्हणते, नवरा मारते, मी काही जात नाई आता. अन् इथं लिवलं हाये का तिनं तुमाले फोन करून सांगतलं, मी सुखात हावो. मी कोनाचं खरं समजू? तिनं फोन केलता का तुमाले?”

“हो, केला होता.” हे खरं होतं.

“अन् हेच सांगतलं?”

काकू माझ्याकडे बघत होत्या. संशयानं नाही हो, अभिमानानं. बाहेर कुणीतरी सायकलला स्टँड लावत होतं, तो आवाज मला अजून आठवतो. नाही म्हणायला एक शब्द लागतो. मला तो येत नव्हता का? माझ्यासमोर एक बाप बसला होता. पोरीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता. सगळ्या जगात माझ्याकडे. कारण मी लिहिणारी, शिकलेली, मी कशाला खोटं सांगू?

“हो काका,” मी म्हणाले. “हेच सांगितलं.”

ते मग पाणी प्यायले. “मंग ठीक हाये,” म्हणाले. “नव्यानवाईचं रायते थोडंफार.” कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला स्वतः मारेगावच्या गाडीत बसवलं आणि सासरी पोचवून आले.

पुढचं मला पेपरात नाही, एका फॉर्म भरायला आलेल्या बाईकडून कळलं. दिलीपनं तिला वखराच्या दांड्यानं मारलं होतं. माहेरी जाऊन बोभाटा केला म्हणून. हात दोन ठिकाणी मोडला, डाव्या कानातून रक्त आलं. यवतमाळला दवाखान्यात नेली. ती बाई सांगत होती आणि मी तिच्या मुलीची जन्मवेळ लिहून घेत होते. अक्षर हललं नाही माझं.

आता तरी? आता तरी बोलायला हवं होतं ना?

पोलीस ठाण्यातून जमादार आले. सासरच्या लोकांनी दोन्ही लेख पुढे केले होते — बघा, पोरगी सुखात होती, बाहेरच्या कुणीतरी फितवली. जमादार कंटाळलेले होते. त्यांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलं? हो. तिनं फोनवर सांगितलं? काकू पुन्हा तिथेच. मी जे एकदा बापाला सांगितलं होतं तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. नंतर कळलं, त्यांनी फोनचा रेकॉर्डही काढला. तो जुळला. त्या तारखेला, तिच्या नंबरवरून, आमच्या केंद्राला फोन आलेला होता. तिनं वाचवा म्हणून केलेला फोन तिच्याच विरोधात कागदाला लागला. आणि तो मी लावला.

सही केली त्याच संध्याकाळी मी दोन्ही लेख काढून टाकले. दोन बटणंच लागली.

प्रकरण पुढे टिकलं नाही. दोन्हीकडच्या लोकांनी बसून मिटवलं. दिलीप गावातच आहे. रंजना राजूरला बापाकडे राहते. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, आणि तो हात कोपरातून सरळ होत नाही. मंगलाकाकू वारल्या. शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या, या पोरीच्या हातात सरस्वती आहे.

मघाशी मी ‘तीनदा’ म्हणाले होते. तिसरी वेळ सांगायची राहिली.

प्रकरण मिटल्यावर काही महिन्यांनी श्यामराव पुन्हा केंद्रात आले. थकलेले दिसत होते. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देणार. मी तयार होते. खरं तर वाट बघत होते. ते उभेच राहिले, टोपी हातात.

“ताई, तुमची माफी मागाले आलो,” ते म्हणाले. “पोरगी घरात सारखी म्हणते, म्या त्या ताईले फोनवर सारं खरं सांगतलं होतं, त्याईनंच उलटं लिवलं. म्या तिले लय बोललो. म्हणलं, काहून त्या बाईवर खोटा आळ घेतं, तिनं तुयं काय वाकडं केलं? मार खाऊन डोकं फिरलं हाये तिचं, ताई. तुमी मनावर नका घेऊ.”

त्यांनी हात जोडले.

मी म्हणाले, “असू द्या काका.”