पेडरची मासळीची खोकी

ओडवारच्या हाताला वजन कळतं, असं गावात म्हणत. खाडीकाठच्या आमच्या लहानशा विमानतळावर तो सामान चढवायचा. शेपटीकडे भार जास्त झाला की विमानाचं नाक वर उठतं आणि मग वैमानिकाने कितीही जोर लावला तरी खाली येत नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावी. एक गोष्ट मात्र तो स्वतःच करत नसे. प्रार्थनाघरात शेजारी बसणाऱ्या माणसाची खोकी त्याने कधी काट्यावर ठेवली नाहीत. त्या माणसाने सांगितलं, तेच वजन. आमच्याकडे श्रद्धेतल्या भावाच्या शब्दाला काटा लावणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं.

मार्चमधल्या एका सकाळी त्याचा मेहुणा पेडर गाडी घेऊन आला; प्रार्थनाघरात तो ओडवारच्या शेजारीच बसे. सोबत बायको, म्हणजे ओडवारची थोरली बहीण बोर्गिल. आदल्या संध्याकाळपासून तिच्या डाव्या डोळ्यासमोर काळा पडदा उतरत होता. ट्रोम्सो शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, आजच्या आज या, उद्या उपयोग नाही. घाटरस्ता बर्फाने बंद होता. राहिलं हे एकच विमान.

गाडीत मागे मासळीची खोकी पाहून ओडवार म्हणाला, "बायकोला पोचवायला आलास की मासळी विकायला?"

"एका खेपेत दोन्ही. वजन नेहमीचंच लिही."

"ऐकलंस ना?" बोर्गिल भावाला म्हणाली. "मासळी निघाली आहे, तिच्यासोबत मीही."

ओडवारने नेहमीचा आकडा लिहिला. पेडरची मासळी म्हणजे वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा, सुक्या काटक्यांसारखा हलका. सरकत्या पट्ट्यावरून खोकी थेट शेपटीकडच्या कप्प्यात गेली. पूर्वीसारखी हाताने उचलावी लागली असती, तर तिथेच उलगडा झाला असता.

बोर्गिल चढली आणि विमान हललं. खाडीच्या तोंडाशी धुकं येऊन ठेपलंच होतं. ओडवार पट्टा पुसायला लागला तर फडकं ओलं झालं. त्याने बोट जिभेला लावलं. खारट! वाऱ्यावरच्या मासळीला मीठ कुठलं?

"पेडर! खोक्यांत आहे काय?"

"मासळी."

"कसली?"

"खारवलेली. यंदा गिऱ्हाइकाला तीच हवी होती." एवढं बोलून पेडर पांढराफटक पडला. "अरे देवा. ओली आहे ती."

ओली म्हणजे तिपटीने जड, आणि सगळा भार शेपटीत. विमान धावपट्टीच्या टोकाशी वळत होतं. थांबवलं तर खोकी उतरेपर्यंत धुकं आत येणार आणि बहिणीचा डोळा जाणार. पेडरने त्याची बाही धरली. "जाईल रे ते! एवढ्या तेवढ्याने काय होतंय? तिचा डोळा..."

ओडवारने बाही सोडवली आणि कमरेचा वायरलेस तोंडाशी धरला. "थांबवा! भार चुकलाय. माझ्याच हातून चुकलाय."

विमान परतलं. खोकी काट्यावर चढली. आकडा पाहून वैमानिक तिथेच सामानाच्या गाडीवर बसला. तोवर धुक्याने धावपट्टी गिळली होती. दुसऱ्या दिवशी बोर्गिलला बोटीने नेलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली; डोळा गेला होता.

रविवारी प्रार्थनाघरात प्रवचन संपलं. त्यानंतर ज्याला टोचणी लागली असेल त्याने उठायचं आणि ज्याचा अपराध केला त्याच्या गळ्यात हात टाकून क्षमा मागायची, ही आमची रीत. ओडवार उठून बहिणीसमोर उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले.

डावीकडचं दिसेना म्हणून बोर्गिलने सगळी मान वळवली. "कशाची क्षमा मागतोस? विमान थांबवल्याची असेल तर गुमान जागेवर जाऊन बस. त्या विमानात मी एकटीच नव्हते, लेकुरवाळ्या बायका होत्या."

"न तोलता चढवल्याची."

"ती घे." तिने त्याला जवळ ओढलं. "येशूच्या नावाने आणि रक्ताने तुला क्षमा झाली, विश्वास ठेव."

ओडवार तिच्या खांद्यावर हुंदके देऊन रडला. मागे पेडर कधीचा टोपी चुरगाळत उभा होता.

"पुढच्या खेपेला माझी खोकी काट्यावर घाल," तो म्हणाला.

"घालणारच आहे. सगळ्यांच्या देखत. तुझ्या मनाला लागेल ते."

"लागू दे," पेडर म्हणाला, आणि त्याने ओडवारच्या गळ्यात हात टाकले.