मूकपटात बोललेले दोन भाऊ

आमचे आबा वारले तेव्हा बाबांनी तलवार घेतली आणि काकांनी म्यान. हसू नका, खरंच सांगते. आबा सरकारी पागेतले शिलेदार. खंडेनवमीला त्यांच्या तलवारीची पूजा घरातल्या कर्त्या पुरुषानं करायची, आणि आता कर्ता कोण, यावर या दोघा शहाण्यांचं असं जुंपलं की विचारू नका. बाबा नागडी तलवार आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचे. काकांचं म्यान पूजेत पोकळ दिसू नये म्हणून काकी त्यात लाटणं खोचायची. तेही शस्त्रच म्हणा, काकांना अनुभव होता.

गुजराती मुलखात, दांडिया बाजारात आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण सात वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. फारच झालं तर बाबा तुळशीसमोर उभे राहून म्हणायचे, "कुणाच्या तरी मोरीचं पाणी आमच्या अंगणात येतंय." पलीकडून काका त्यांच्या म्हशीला सांगायचे, "येऊ दे गं बाई, तेवढीच त्यांच्या अंगणाची धूळ बसेल."

इथपर्यंत गंमत होती. पण काकांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही पार ग्वाल्हेरला. माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची मैत्रीण. काकांनी आमच्याकडे अक्षत पाठवली ती भटजींच्या हाती. बाबा कडाडले, "भटाला पाय आहेत, भावाला नाहीत का? आपल्यातलं कुणी त्या मांडवात पाऊल टाकणार नाही!" मी परसात जाऊन ढसाढसा रडले. ग्वाल्हेरला गेलेली मुलगी पुन्हा कधी दिसणार होती? तिला हळदसुद्धा मी लावायची नाही म्हणजे काय? मला बाबांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना पाणी दिलं नाही.

त्याच आठवड्यात गावात एक मूकपट आला. आईनं बाबांना सांगितलं, लढायांचा खेळ आहे, घोडे फार छान आहेत. घोडे म्हटल्यावर बाबा तयार. पलीकडे काकीनंही काकांना हेच सांगितलं होतं. दोघी जावांचा हा कट परसदारी शिजला, हे मला फार उशिरा कळलं. चित्रात घोडा औषधाला नव्हता. दोन भांडकुदळ भाऊ होते, आणि घराच्या मधोमध खडूची रेघ मारून राहत होते.

आम्ही बायका वर सज्जात. नवरी माझ्या शेजारी, तोंडावर पदर ओढून. खाली पुरुषांत डाव्या अंगाला बाबा, उजव्या अंगाला काका. चित्रात मधूनमधून शब्दांची पाटी यायची, ती गुजरातीत. दरबारी नोकरीमुळे या दोघांना गुजराती फडाफडा वाचता येई. मलाही दुकानांच्या बोर्डांवरून येत होतं. पण आसपासच्या म्हाताऱ्यांना कुठलं यायला? ते म्हणाले, जरा मराठीत सांगा हो. झालं! डावीकडून बाबा सांगू लागले, उजवीकडून काका. बाबा मोठ्यानं, तर काका त्याहून मोठ्यानं. मग आपोआपच वाटणी झाली. पडद्यावरच्या थोरल्याचं बाबा बोलायचे, धाकट्याचं काका. लोक खूश!

मध्यंतरानंतर मात्र पाट्या छोट्या आणि भाषणं लांबलचक व्हायला लागली. पाटीवर दोनच शब्द होते, 'चालतो था!', म्हणजे चालता हो. बाबांनी वाचलं, "बापाच्या आजारपणात एक रात्र तरी उशाशी बसलास का?"

उजवीकडून काका उसळले, "बसू दिलंत कुठं? दाराशी आलो की म्हणायचात, वैद्यानं गर्दी नको म्हटलंय! मी गर्दी?"

पुढच्या बाकावरचा एक गुजराती शेठ वळून ओरडला, "अरे भाई, आवुं तो लख्युंज नथी!" असं काही लिहिलेलंच नाही म्हणे. गुजराती मंडळी पोट धरधरून हसत होती. आमच्या मराठ्यांना वाटलं, काय जिवंत चित्र काढलंय! सज्जात बायका डोळे पुसत होत्या. आई आणि काकी तेवढ्या एकमेकींकडे बघत नव्हत्या.

शेवटी पडद्यावरचा धाकटा थोरल्याच्या दारात येऊन उभा राहिला. ओठ हलले, पाटी आली. वाचायची पाळी काकांची. काका गप्प. लोक ओरडले, "वाचा की हो!" वरून मला काकांचे खांदे हलताना दिसत होते. नवरीनं माझा हात असा आवळला की बांगडी पिचली.

तेवढ्यात डावीकडून बाबांचा आवाज आला. नेहमीचा नव्हता, घोगरा होता. "हळद किती वाजता आहे रे?"

"सकाळी आठला, दादा," काका म्हणाले. "पण तुम्ही आल्याशिवाय लावायची नाही, असं सांगून ठेवलंय घरात."

पाटी अजून पडद्यावर होती. माझ्या मागच्या म्हातारीनं मला ढोसलं, "पोरी, तुला येतं ना वाचता? खरंच असं लिहिलंय का गं तिथं?"

'मोटाभाई, मने माफ करो,' एवढंच होतं तिथं.

"हो आजी," मी म्हटलं, "अगदी असंच लिहिलंय."