कुलूप पाहिलं, कुंपण नाही

कुलूपवाल्याला सगळे 'जपून' म्हणायचे. कुणाचं दार उघडून दिलं की हत्यारं पेटीत टाकता टाकता तो म्हणे, "जपून हं." बायको म्हणायची, "स्वतःच्या सावलीला शिंक आली तरी दचकाल तुम्ही." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

अशा माणसाची बंदुकीशी गाठ पडावी हे नवलच. एकदा नेमबाजी मंडळाच्या यंत्राचा खटका अडकला, तो सोडवायला हा गेला आणि तिथलाच झाला. हे यंत्र मातीच्या तबकड्या आभाळात भिरकावतं, नेमबाज त्या उडत्या तबकड्या छर्‍यांनी फोडतात. यंत्रवाला पुढे वाळूच्या पोत्यांआड बसतो. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. "सोड!" असा आवाज आला की दोरी ओढायची, एवढंच.

जुन्या मैदानाभोवती घरं झाली आणि मंडळाला तिथून उठावं लागलं. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "जपून, तू सगळीकडे दारं उघडत फिरतोस. आमच्यासाठी एक जागा उघड."

हा स्कूटर घेऊन निघाला. तळ्याकाठी जागा ऐसपैस होती, पण ते पाणी लोक पीत होते आणि छर्रे शिशाचे. वीटभट्टीमागे मोकळा माळ होता. तो ओलांडताना झुडपाआड एक माणूस तोंडावर टोपी घेऊन गाढ झोपलेला दिसला. त्यानंतर जपूनची झोप उडाली. डोळे मिटले की ती टोपी दिसायची.

शेवटी बंद पडलेली दगडाची खाण सापडली. तिन्ही बाजूंना कडे. समोरच्या कड्यावरून एक पायवाट जात होती, पण तिच्या तोंडाशी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. जपूननं किल्लीच्या भोकात फुंकर मारली. लाल भुकटी उडाली. कित्येक वर्षांत त्यात किल्ली फिरली नव्हती.

"इथून कोणी जात नाही," त्यानं डॉक्टरांना सांगितलं. इतक्या ठामपणे तो बायकोशीही कधी बोलला नव्हता.

रविवारी सगळे जमले. जपून पोत्यांआड बसला. डॉक्टर बंदूक खांद्याला लावून उभे राहिले. "सोड!" आवाज घुमला. जपूननं दोरी ओढली, तबकडी उडाली, ती दिसताच डॉक्टरांच्या हातून बार झाला. आणि लगेच डॉक्टर ओरडले, "अरे, मी कुठे म्हणालो सोड?"

खाणीत आवाज कुठूनही येतो. पण हा आवाज बाईचा होता, हे जपूनला आत्ता जाणवलं.

तो धडपडत कडा चढू लागला. वर काय दिसेल, या विचारानं मान वर होत नव्हती.

वर एक म्हातारी पदर झटकत होती. शेजारी तिची मुलगी पांढरीफटक पडली होती.

"कोण रे मेला डोक्यावर मोहरी उधळतोय?" म्हातारी कडाडली.

जपून मटकन खाली बसला. "आजी, लागलं नाही ना?"

"लागायला काय मी आंबा आहे? या पोरीला म्हटलं हात सोड, माझी मी चढते, तर वरून ही मोहरी!"

"पण फाटकाला तर कुलूप आहे..."

"आहे की. आम्ही शेजारून येतो."

फाटकाच्या बाजूचं कुंपण कधीच आडवं झालं होतं. वाट पायांनी गुळगुळीत झाली होती. त्यानं कुलूप मात्र जवळून पाहिलं होतं.

खाली डॉक्टर म्हणाले, "झालं नाही ना काही? कुंपण घालू. 'सोड'च्या जागी दुसरा शब्द घेऊ."

"शब्द बदलून छर्रे थांबतात का, डॉक्टर?"

"मग काय करायचं म्हणतोस?"

"इथे नाही." त्यानं यंत्राची दोरी सोडून खिशात घातली होती.

अजून तो जागा शोधतोय. आता कुलपाकडे बघतही नाही. कुंपणाच्या कडेकडेनं सगळं फिरतो, मग मधोमध उभा राहून ओरडतो, "कोणी आहे का?" कुणी ओ दिली तर हायसं वाटून स्कूटरकडे वळतो. कुणीच ओ दिली नाही, तर बराच वेळ तिथेच उभा राहतो आणि पुन्हा ओरडतो.