पहारेकऱ्यासमोर आमची चाळ

रविवार, पितृपक्षातला पहिला. वेळ सकाळची. स्थळ मंडळाचं ऑफिस, तळमजला, लालबाग.

हजर: मी. माझी मुलगी, तिचा लॅपटॉप आणि तिच्या ऑफिसातून टॅक्सीने आणलेला मोठा स्क्रीन. मंडळाचे खजिनदार, निवृत्त बस कंडक्टर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. समोरच्या बिल्डिंगमधला जिमवाला. शिवाय चाळीतले आणि आजूबाजूचे एक बाकभर लोक. गैरहजर: आमच्याच मजल्यावरची शेवटची खोली. तिला बोलावलंच नव्हतं, पण हजेरी घ्यायची तर नीट घ्यावी.

कारण असं. माझी मुलगी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. कंपनी लोअर परळला, जिथे माझ्या सासऱ्यांची गिरणी होती तिथेच, काचेच्या इमारतीत. आमच्या घरात याबद्दल कोणी भावुक होत नाही. चालत जाता येतं, तिकिटाचे पैसे वाचतात, एवढंच.

वर्षभर ती गेममधल्या एकाच प्रसंगावर काम करत होती. घाटातली अरुंद वाट, एका बाजूला दरी, आणि मधोमध कोयता घेतलेला एक दांडगा पहारेकरी. खेळणाऱ्याने त्याच्या पलीकडे जायचं. अशा गेममध्ये समोर कोणी आला की मारायचं, हे म्हणे सगळ्यांना पाठ असतं. हिचा पहारेकरी वेगळा. तो आधी अंगावर येत नाही, नुसता बघतो. तुम्ही तलवार उगारलीत तर तो कोयता उगारतो, आणि मग तुमचं काही खरं नाही. तुम्ही हत्यार खाली घेतलंत आणि दोन पावलं मागे गेलात, तर तो खांदे सैल सोडतो आणि बाजूला होतो. हे कुठेही लिहून येत नाही. त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायचं.

"तुझ्या बाबांसारखं," मी म्हणाले.

"आई, मी सिरियसली सांगतेय."

सिरियस बाब अशी होती की तिच्या साहेबांना हे पटत नव्हतं. लोकांना आपणहून कळणार नाही, ते वैतागून गेम बंद करतील, असं त्यांचं मत. गुरुवारी मीटिंग. तोपर्यंत हिने बाहेरच्या, कधी गेम न खेळलेल्या माणसांवर चाचणी घेऊन दाखवायची. त्यांना न सांगता उमगलं तर पहारेकरी राहणार. नाहीतर त्याला चारचौघांसारखा मारामारी करणारा गुंड बनवणार, आणि हिचं वर्ष पाण्यात. ऑफिसातली माणसं चालणार नव्हती, त्यांना सगळं माहीत. मैत्रिणी चालणार नव्हत्या, त्या दिवसभर गेमच खेळतात.

"माणसं कुठून आणू?" ती म्हणाली.

लालबागमध्ये राहून मुलगी हा प्रश्न विचारते, याला काय म्हणावं. मी गेली कित्येक वर्षं मंडळाच्या रक्तदान शिबिराचं नोंदणीचं टेबल सांभाळते. सुई टोचून घ्यायला मी माणसं जमवते, तर खुर्चीत बसून खेळायला का नाही जमवणार?

ग्रुपवर मेसेज टाकला: "कॉम्प्युटरवरील खेळ तपासण्यासाठी माणसे हवीत. अनुभव नसलेल्यांना प्राधान्य. चहा-बिस्किटे मिळतील." पहिलं उत्तर खजिनदारांचं: "उपाशीपोटी यायचं का?" दुसरं पहिल्या मजल्यावरून: "पक्षात नवीन काही सुरू करत नाहीत." त्यावर मी लिहिलं, सुरू काही करायचं नाही, चाचणी आहे. तिसरं: "बीपीची गोळी चालू असेल तर?" मी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही की खेळ कसला आहे.

शेवटच्या खोलीतली बाई ग्रुपवर नाही. तिने दारापुढे गॅलरीत चपलांचं लोखंडी कपाट ठेवलं होतं. जाण्यायेण्याची वाट अडत होती, म्हणून चाळ कमिटीची सेक्रेटरी या नात्याने मी सगळ्यांच्या सह्यांची नोटीस तयार केली आणि स्वतः तिच्या हातात नेऊन दिली. कपाट गेलं, तीही ग्रुपमधून गेली. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नाही, म्हणून कोणीही तिच्याशी बोलत नाही. गॅलरी आता पुरेशी रुंद आहे, पण मी आणि ती समोरासमोर आलो की दोघींनाही ती पुरत नाही.

तर रविवार. मंडळाच्या ऑफिसात गणपतीनंतरची मोकळी जागा होती. आत स्क्रीन, एक खुर्ची आणि मुलगी. बाहेर पॅसेजमध्ये लांब बाक, त्याला लागून माझं टेबल, टेबलाला लागून चहाचा थर्मास आणि ग्लुकोज बिस्किटं. एका टोकाला वाट बघणारे, दुसऱ्या टोकाला खेळून आलेले. शिबिरात हीच मांडणी असते. रक्त देऊन आलेला माणूस चहा पीत शेजारी बसला की नव्याचा धीर वाढतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, इतक्या वर्षांत बघितलेलं आहे.

मुलीने एकच अट घातली होती. आत काय घडतं ते कोणी कोणाला सांगायचं नाही. मी तसा कागद लिहून दारावर चिकटवला: "आतील गोष्ट बाहेर सांगू नये." सगळ्यांनी तो वाचला. जिमवाल्याने तर मोठ्याने वाचला.

पहिले खजिनदार गेले. बराच वेळ आतून त्यांचा आवाज येत होता. "अरे! अरे थांब! अरे मी काय केलं तुझं!" मग शांतता. मग बाहेर आले ते घाम पुसत.

"वहिनी, पाणी द्या आधी."

"काय झालं?"

"मेलो. परत परत मेलो. कोण माणूस आहे की राक्षस! शेवटी कंटाळलो, म्हटलं तुझा घाट तुलाच लखलाभ. आलो मागे आणि रिमोट ठेवला मांडीवर. तर हा बाजूला होतो आणि म्हणतो जा! कंडक्टरकीत असे पॅसेंजर लई बघितले. भांडायला गेलं की चढतात, गप्प राहिलं की उतरतात."

बाकावर हशा पिकला. आजींनी विचारलं, "म्हणजे करूचा काय?"

"काही नाही आजी. हात खाली, दोन पावलं मागे. बस."

मी त्यांना कागद दाखवला. खजिनदार दुखावले. "बाहेर कुठे सांगतोय? आपल्यातच बोलतोय ना."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण त्यानंतर रांग भराभर पुढे सरकू लागली. शिबिरात नेहमी हाच क्षण महत्त्वाचा असतो. पहिला हसत बाहेर आला की पुढच्यांची भीती जाते. जो बाहेर येई तो बिस्किट बुडवत पुढच्याला म्हणे, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं." जिमवाला दंड फुगवून म्हणाला, "काकी, मी तर त्याला फोडणार." खजिनदारांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो आत गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"फोडलास?"

"सोडला. म्हटलं, एवढं समजावलंय काकांनी."

आजींनी जाताना मला बजावलं, "गो बाय, माका ता बटाण दाबूक जमाचा नाय हां, आधीच सांगतंय." मी म्हटलं, जेवढं जमेल तेवढं. त्या पदर सावरून आत गेल्या आणि चहा निवायच्या आत परत आल्या. चेहरा असा, की कोकणातल्या देवळातून दर्शन घेऊन आल्या असाव्यात.

दुपारपर्यंत बाक रिकामा झाला. बिस्किटं पुरली. मी माझ्या यादीवर शेवटची खूण केली आणि समाधानाने आत गेले. शिबिराचा अनुभव असला की बाकी सगळं जमतं, असं काहीतरी वाक्य मी मुलीला ऐकवायला तयार ठेवलं होतं.

ती स्क्रीनसमोर बसली होती. खूश आहे की नाही ते कळेना.

"आई, सगळे मागे सरले."

"मग? छानच की!"

"पहिल्या झटक्यात. खजिनदारकाका सोडले तर एकानेही तलवार वर नाही केली. मला आधी वाटलं मी जगातली सगळ्यात भारी डिझायनर आहे. साहेबांना मेसेज पण टाईप करायला घेतला."

"मग टाक ना."

"मग आजी आल्या." तिने डोळे मिटले. "त्यांनी रिमोट हातात घ्यायच्या आधी स्क्रीनला नमस्कार केला. पहारेकरी अजून दिसलाही नव्हता, आई. नुसता डोंगर होता. मी विचारलं, आजी, हे कुठून सुचलं? तर म्हणतात, भायर सगळ्यांनी सांगल्यानी, हात जोड नि मागे सर म्हणान."

मी बाकाकडे बघितलं. थर्मासकडे बघितलं. दारावरच्या कागदाकडेही बघितलं. तो व्यवस्थित चिकटलेला होता.

"तू त्यांना चहा दिलास?"

"दिला."

"खेळून आलेल्यांना आणि वाट बघणाऱ्यांना? एकाच बाकावर?"

"शिबिरात तसंच..."

"आई, हे रक्तदान नव्हतं!"

एवढं ओरडून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मीही हसले, पण मला तिचं रडणं दिसत होतं. खजिनदारांची एकट्यांची चाचणी खरी, ती म्हणाली. ते मरत मरत स्वतःच्या अकलेने तिथवर पोचले. तिला हवं होतं ते नेमकं तेच. पण एका माणसावर साहेब म्हणतील, योगायोग. निदान आणखी एक हवा, म्हणजे बोलायला तरी तोंड राहील.

मी लगेच नवी यादी केली. संध्याकाळी गिरगावला बहिणीला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "येते गं मी. मागेच सरायचं ना फक्त?" खजिनदारांच्या बायकोचं माहेर तिच्याच वाडीत. दादरच्या नणंदेचं नाव होतं, पण तिची सून जिमवाल्याच्या बायकोबरोबर मसाला दळायला आली होती आणि सगळी गोष्ट घेऊन गेली होती, पहारेकऱ्याच्या मिशांसकट. माझ्या ऑफिसातल्या बाईंनी सोमवारी मलाच विचारलं, "तुमच्या चाळीत कसला पहारेकरी आलाय म्हणे?" नावं खोडत गेले. आमच्या लोकांत गोष्ट किती वेगाने जाते याचा मला आजवर अभिमानच होता. वर्गणीच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो.

सोमवारी रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "आख्ख्या लालबागमध्ये एक माणूस नाही, ज्याला कोणी काही सांगितलेलं नाही?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. तिने माझ्याकडे बघितलं. दोघींनी एकदमच भिंतीकडे बघितलं, म्हणजे शेवटच्या खोलीच्या दिशेला.

"आई."

"नाही."

"त्यांना खरंच कोणी सांगितलं नसेल."

"कोण सांगणार? बोलतंय कोण तिच्याशी?"

"तेच तर."

मंगळवारी सकाळी गेले. दार उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसून मेथी निवडत होती. मला बघून उठली. जुडी हातातच. आत ये म्हणाली नाही, दारही लावलं नाही. नुसती बघत उभी राहिली. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं: "पाणी आलं का तुमच्याकडे?" पाणी पहाटेच येऊन गेलं होतं, ते तिलाही माहीत होतं. "आलं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी एवढा एक शब्द. मी परत आले.

मुलगी दारातून सगळं बघत होती. मला वाटलं हसेल. ती अगदी कामाच्या आवाजात म्हणाली, "त्या का उभ्या राहिल्या माहितीये? तुझ्या हातात वही होती. मागच्या वेळी वही घेऊन गेलीस तेव्हा नोटीस दिलीस."

"वहीशिवाय मी कशी जाणार? नाव, वेळ, काहीतरी लिहायला नको?"

"नको."

आज बुधवार. मीटिंग उद्या सकाळी. स्क्रीन अजून मंडळाच्या ऑफिसात आहे, किल्ली माझ्याकडे आहे, चहा टाकायचा नाही हे ठरलंय. दुपारी ती मेथीची पिशवी रिकामी करून गॅलरीत झटकत होती. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले, वही कपाटावर ठेवून.

यादीत एकच ओळ उरली आहे: शेवटच्या खोलीत जाऊन विचारणे, रिकाम्या हाताने. पुढे खूण व्हायची आहे.