माठाला कुणी ऑइल पेंट मारतं का?

मंडळी, आत्ताच घरी पोचले आणि लिहायला बसलेय.

शांती नगरच्या एका सोसायटीच्या गेटजवळ आमच्या ऑफिसने जिवंत भिंत उभारली होती. थ्रीडी प्रिंटरवर घडवून भाजलेल्या मातीच्या विटा आणि प्रत्येक विटेच्या खाचेत नेच्याचं रोप. विटेच्या पोटात पाणी सोडलं की ते मातीतून हळूहळू मुळांपर्यंत झिरपतं. ते डिझाइन माझं. आयुष्यातलं पहिलं.

आज सकाळी गेले तर भिंत चकचकीत पोपटी! सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेआधी दरवर्षी रंगकाम काढतात, त्यात माझ्या विटांनाही खाचांसकट ऑइल पेंट मारला. पाणी आतच अडलं आणि नेचे पिवळे पडले.

सेक्रेटरी काका म्हणाले, “अगं, मातीचा कलर गावठी दिसत होता. झाडं मेली तर प्लास्टिकची लावू. पाण्याची कटकटच नको.”

“काका, घरच्या माठाला ऑइल पेंट माराल का?”

“आमच्याकडे फ्रीज आहे.”

माझे बाबा गवंडी आहेत, सातवी शिकलेले. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, “रंग खरवडलास तरी छिद्रं बुजलेलीच राहणार, बाय. रोपं तरी काढून आण.”

मी सगळी रोपं उपटून पिशव्यांत भरली. काका ओरडत होते, “ही सोसायटीची प्रॉपर्टी आहे!”

काका, झाडं मेली तर प्लास्टिकची लावणार होतात ना? मग जिवंत भिंत आमच्या ऑफिसकडे मागितली कशाला?

तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का?